सरोजिनीबाईंची हजेरी

"हजेरीत माझं नाव आलं की गप्प बसू नकोस, मित्रा. जे असेल ते सांग. मुलं सगळं सोसतात, ताटकळत ठेवलेलं तेवढं सोसत नाहीत."

सरोजिनीबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि आवाज मध्येच विरत होता. संघमित्राने त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि "हो बाई" म्हटलं. ऑपरेशननंतर घरी विश्रांती घ्यावी लागेल, तेवढ्या दिवसांत मुलांना काय सांगायचं, एवढ्यापुरतंच हे बोलणं आहे असं तिला तेव्हा वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत सरोजिनीबाई गेल्या. त्यांच्या यजमानांनी, सिताराम काकांनी, त्यांना मंडणगडजवळच्या गावी नेलं. अंत्यसंस्कार, सगळं तिथेच झालं. पुण्यानुमोदनाच्या विधीला संघमित्रा जाऊन आली आणि पाठोपाठ शाळा उघडली.

घणसोलीतल्या महापालिकेच्या त्या शाळेत सकाळची शाळा सुटली की रंगमंचामागच्या खोलीत दुसरा वर्ग भरायचा. ज्यांच्या घरी दुपारी कोणी नसतं अशा मुलांचा. आई कंपनीतून सुटेपर्यंत मुलं तिथे डबा खात, थोडी झोपत, अभ्यास करत, भांडत. वर्ग चालवणारी संस्था लहानशी होती, नेरूळला तिचं एका खोलीचं ऑफिस होतं. संस्थेचा एक नियम पक्का होता, दोन मोठी माणसं असल्याशिवाय खोली उघडायची नाही. इतकी वर्षं ती दोन माणसं म्हणजे सरोजिनीबाई आणि संघमित्रा.

हजेरीची रीत मात्र सरोजिनीबाईंची स्वतःची. त्यांच्या वर्गात हजेरी मुलं घेत, आळीपाळीने, आणि मुलांची नावं झाली की दोन्ही बाईंची नावंही पुकारली जात. जो आला नसेल तो कुठे आहे हे कोणीतरी उठून सांगायचं. ताप आला, गावी गेला, आईने नेला. आणि त्याच्या वाटणीचा खाऊ डब्यात बाजूला ठेवायचा. "या मुलांची मोठी माणसं न सांगता नाहीशी होतात," सरोजिनीबाई म्हणत. "बाप नाहीसा होतो. शेजारीण खोली सोडून जाते. निदान या खोलीत तरी कोण कुठे गेलं ते कळलं पाहिजे."

सुट्टी लागण्याच्या दिवशी त्यांचं नाव आलं तेव्हा त्या उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "हजर. उद्यापासून दवाखान्यात. दिवाळीनंतर परत हजर." मुलं हसली होती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी संस्थेच्या जयमाला मॅडमचा फोन आला. "संघमित्राताई, मुलांना एवढ्यात काही सांगू नका. बदली झाली म्हणायचं. नेरूळच्या वर्गाला गेल्या. नव्या बाईंची सवय होऊ दे, मग बघू."

"मॅडम, बाईंनी मला…"

"मला कळतंय. पण मुलं रडायला लागली की आई-बाप पाठवत नाहीत. पट खाली आला की शाळा खोली मागणार, त्यांना सामान ठेवायला ती हवीच आहे. आणि माणूस मिळवायला काय लागतं ते तुम्ही बघता ना? मुली येतात, आठवडाभर बसतात आणि मॉलमध्ये नोकरी लागली म्हणून जातात. तेजश्री हो म्हणाली हेच नशीब. तिला पहिल्याच दिवशी रडारड नको."

"पण ते खोटं होईल."

"खोटं काय त्यात. सांभाळून घेणं आहे."

त्या संध्याकाळी नेरूळच्या आपल्या घरी संघमित्राने बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि रोजच्यासारखं त्रिशरण-पंचशील घेतलं. चौथ्या शीलाशी ती थोडी थांबली. मी खोटं बोलणार नाही, हे ती लहानपणापासून दिवसातून दोनदा म्हणत आली होती. ती बोलणारच नव्हती काही. आपण गप्प राहिलो तर शील मोडत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली आणि पुढचं म्हटलं.

पहिल्या दिवशी हजेरीची पाळी मनस्वीची होती. मनस्वी तिसरीतली, दोन घट्ट वेण्या, आवाज खणखणीत. मुलांची नावं झाली. मग तिने दाराकडे बघितलं आणि जरा जोरातच म्हटलं, "सरोजिनीबाई."

सगळ्या माना संघमित्राकडे वळल्या. ती फळ्याजवळ उभी होती आणि हातातला खडू पुसत होती. खडू पुसायचा नसतो हे तिच्या लक्षात आलं, तरी ती पुसत राहिली.

"बाईंची बदली झालीय," तेजश्री पटकन म्हणाली. कॉलेज नुकतंच संपलेली, चेहऱ्यावर सतत हसू असलेली मुलगी होती ती. "नेरूळच्या शाळेत. तिकडच्या मुलांना पण बाई पाहिजेत ना?"

"बदली मंजे पोलिसांची होते ती?" गावठाणातला अश्विन उठला. "माझ्या काकाची झाली. मंग बाईंना पन वर्दी देनार का?"

मुलं खिदळली. मनस्वी हसली नाही. "मग सांगून का नाही गेल्या?" तिने विचारलं, आणि तेही तेजश्रीला नाही, संघमित्राला.

"अगं, घाईत झालं," तेजश्रीच म्हणाली. "येतील एखाद्या दिवशी भेटायला."

मनस्वीने संघमित्राकडे बघतच पुढचं नाव घेतलं. "संघमित्राबाई."

"हजर," संघमित्रा म्हणाली.

खाऊ वाटताना मनस्वीने एक राजगिऱ्याचा लाडू उचलून डब्यात बाजूला ठेवला. "बाई येतील तेव्हा," ती म्हणाली.

संध्याकाळी खोली झाडताना तेजश्रीने विचारलं, "ताई, मी बोलले ते चाललं ना? तुमी एकदम गप्पच झालात. मला वाटलं आता तुमी रडणार, मग सगळीच रडतील."

"तू माझ्यासाठी बोललीस," संघमित्रा म्हणाली.

"टेन्शन नका घेऊ. पोरं विसरतात. माझी आजी गेली तेव्हा मला पण देवाघरी फिरायला गेली असं सांगितलेलं. झालं काय?"

"मग तू वाट बघितलीस?"

तेजश्री झाडू घेऊन उभी राहिली. "थोडे दिवस," ती म्हणाली आणि कचरा भरायला वाकली.

मुलं विसरली नाहीत. रोज नाव पुकारलं जायचं आणि रोज कोणीतरी मूलच ओरडायचं, "नेरूळला." ते आता हजेरीचं उत्तरच होऊन बसलं होतं. रोज एक खाऊ बाजूला पडायचा. चिक्की, खारे दाणे, शंकरपाळे. डबा भरत आला. एकदा तेजश्री म्हणाली, मुंग्या लागतील, टाकून देऊ. तर वैदेही नावाची मनस्वीची मैत्रीण डबा पोटाशी धरून कोपऱ्यात बसली. संघमित्रा ते बघायची आणि मुलांच्या वह्या सारख्या करायची. घरी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी तिचा आवाज आता ऐकू येईनासा झाला होता. ओठ हलायचे तेवढेच. बाईंना दिलेला हो तिला त्याच ठिकाणी आठवायचा, आणि ती ठरवायची, उद्या सांगू. उद्या नाव पुकारलं जायचं आणि कोणीतरी तिच्या आधीच म्हणायचं, "नेरूळला."

मग एका दुपारी हजेरी वैदेहीने घेतली आणि मनस्वीच्या नावाला कोणीच उत्तर दिलं नाही.

"कुठे आहे मनस्वी? सकाळी शाळेत होती ना?" संघमित्राने विचारलं.

वैदेही डोळे मिटून एका दमात म्हणाली, "बाईंकडे गेली. डबा घेऊन. बाई नेरूळच्या शाळेत असल्या तरी राहतात जुईनगरलाच ना, मग घरी भेटतील म्हणाली. कुणाला सांगू नको म्हणाली, पण हजेरीत सांगावंच लागतं ना?"

उन्हाळ्यात सरोजिनीबाईंनी सगळ्या मुलांना जुईनगरला आपल्या घरी नेलं होतं, कोकम सरबत प्यायला. मनस्वीला वाट ठाऊक होती.

संघमित्राने मनस्वीची आई क्रांती हिला फोन लावला. क्रांती महापेला एका कंपनीत पॅकिंगला होती, तिथे फोन आत नेऊ देत नसत. बेल वाजत राहिली. तेवढ्यात तिच्याच हातातला फोन वाजला. सिताराम काका होते.

"मित्राताई," ते म्हणाले. "एक लहान मुलगी आली आहे. सरोजिनी आहे का विचारते. मी तिला आत बसवलंय. तुम्ही या."

शाळेतल्या शिपाई मावशींना तेजश्रीसोबत बसवून संघमित्रा रिक्षाने जुईनगरला गेली. सिडकोच्या त्या जुन्या इमारतीचा जिना ती कशी चढली, ते तिला नंतर आठवलं नाही. दार उघडंच होतं.

मनस्वी खुर्चीवर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. मांडीवर डबा होता. समोर भिंतीवर सरोजिनीबाईंचा मोठा फोटो होता, पांढऱ्या फुलांचा हार घातलेला, खाली मेणबत्ती. काका स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे होते. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता आणि तो त्यांनी अजून कोणाला दिलेला नव्हता.

"मी सांगितलं नाही काही," ते हळूच म्हणाले. "तिनेच बघितलं."

संघमित्रा मनस्वीपुढे खाली बसली. "कशी आलीस तू?"

"बसने. एका काकूंच्या मागे मागे चढले. कंडक्टरला वाटलं त्यांचीच आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, त्याने संघमित्राला जास्तच भीती वाटली. "बाई मेल्यात?"

"हो," संघमित्रा म्हणाली.

"कधी?"

"दिवाळीच्या सुट्टीत."

मनस्वीने हिशोब केला असावा. तिच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे शाळा उघडली तेव्हा पण. मी पहिल्या दिवशी नाव घेतलं तेव्हा पण. आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग हजेरीत सांगितलं का नाही?"

संघमित्राजवळ कारण म्हणून जयमाला मॅडम होत्या, पट होता, खोली होती, तेजश्रीचा पहिला दिवस होता. त्यातलं एकही त्या मुलीपुढे ठेवण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "मला सांगता आलं नाही, बाळ. सांगायला हवं होतं."

मनस्वीने डबा उघडला. आतले लाडू एकमेकांना चिकटून बसले होते, शंकरपाळे मऊ पडले होते. तिने डबा काकांकडे धरला. "हा बाईंचा आहे. साठला होता."

सिताराम काकांनी पेला खाली ठेवला. दोन्ही हातांनी डबा घेतला. ते आयुष्यभर गोदीत कामाला होते, हात मोठे आणि खरखरीत. त्यांनी एक लाडू फोडला. अर्धा मनस्वीला दिला, अर्धा आपल्या तोंडात घातला आणि चावतच राहिले.

लाडू खाताना मनस्वी रडायला लागली. आवाज न करता, खाणं न थांबवता. संघमित्राने तिला जवळ घेतलं. काका भिंतीकडे वळून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने मनस्वीने नाक पुसलं. "उद्या परत माझी पाळी आहे," ती म्हणाली. "आज माझी होती, ती वैदेहीने घेतली असेल. बाईंचं नाव घ्यायचं का उद्या?"

संघमित्राने काकांकडे बघितलं.

"घे," काका म्हणाले. ते अजून भिंतीकडेच तोंड करून होते. "एकदा नीट घे. मी येतो उत्तर द्यायला."

"नक्की?"

ते वळले. "सरोजिनीला गावी ठेवून आल्यापासून मी हा जिना उतरलेलो नाही, पोरी. पण येतो."

परतीच्या रिक्षात मनस्वी संघमित्राच्या दंडाला टेकून बसली. तुर्भ्याच्या पुलावर तिने विचारलं, "मग माझे पप्पा पण सुरतला नाहीत का?"

क्रांतीचा नवरा दुसरा संसार करून राहिला आहे, हे संघमित्राला ठाऊक होतं. मुलीला काय सांगितलं आहे ते मात्र आत्ता कळलं. "ते तुझ्या आईला विचार," ती म्हणाली. "मला विचारून चालणार नाही."

क्रांती शाळेच्या फाटकाशी उभी होती, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. तेजश्रीने तिला सगळं सांगितलेलं असावं. तेजश्री थोडी दूर, भिंतीला टेकून रडत होती. क्रांतीने आधी मुलीला पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला इतकं आवळलं की तिच्या वेण्या सुटल्या.

"ताई," ती संघमित्राला म्हणाली, "लेकराला खोटं कामून सांगितलं ओ? हितं तरी खरं बोलतेत म्हणून मी निवांत काम करीत होते."

"चुकलं आमचं," संघमित्रा म्हणाली.

मनस्वीने मान वर केली. "मम्मी, पप्पा सुरतला आहेत का?"

क्रांतीने संघमित्राकडे बघितलं. मग ती फाटकाजवळच्या पायरीवर खाली बसली, कामावरून आल्यावर बसतात तशी. "घरी चल," ती म्हणाली. "चहा करते. मग सांगते." दोघी गावठाणाच्या गल्लीत वळेपर्यंत संघमित्रा बघत राहिली. मनस्वीने आईचा हात धरलेला नव्हता, पण ती तिच्या बरोबरीने चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्रीचा मेसेज आला होता. ताई सॉरी, मला नाही जमणार. त्या पोरीला काय झालं असतं तर. तुमी रागावला पण नाहीत, त्याचंच जास्त वाटलं.

मग जयमाला मॅडमचा फोन. "तेजश्री येत नाही म्हणते. मग आज वर्ग बंद. एकटीने उघडू नका. मी पालकांना कळवते."

"सिताराम काका बसतील माझ्याबरोबर," संघमित्रा म्हणाली. "मागच्या वर्षी बाईंना ताप होता तेव्हा ते बसले होते. त्यांची पोलीस पडताळणी झालेली आहे."

"आणि हजेरीत काय सांगणार?"

"मनस्वी नाव घेणार. काका उत्तर देणार."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुम्ही येऊन उत्तर द्या, मॅडम. तेही चालेल."

संघमित्राचा आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढत नसे. "मला या कामात बाईंनीच आणलं," जयमाला मॅडम म्हणाल्या. "मी हॉस्पिटलमध्ये गेले नाही. जाईन जाईन म्हणत राहिले. तुम्ही खोली उघडा. मुलं गळली तर गळली, मी बघेन." फोन बंद झाला.

संघमित्राने आंघोळ केली, पांढरी साडी नेसली आणि तसबिरीपुढे बसली. चौथं शील आलं तेव्हा आवाज चिरकला, पण निघाला.

जुईनगरला ती उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. काका येतो म्हणाले होते खरे, पण ज्या माणसाने इतके दिवस दूधसुद्धा शेजाऱ्यांकडून आणवून घेतलं, त्याने भर दुपारी घणसोलीला यावं आणि आपल्या बायकोचं मरण मुलांना उभं राहून सांगावं, हे मागणं फार होतं. नको म्हणाले तर आपणच सांगायचं, असं ठरवून ती जिना चढली. बेल वाजवायची वेळ आली नाही.

सिताराम काका दारात उभे होते. इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी केली होती, हनुवटीवर ब्लेडचं बारीक कापलं होतं. हातात तो डबा होता, घासून पुसून लख्ख केलेला.

"डबा रिकामा देऊ नये म्हणायची ती," ते म्हणाले. "घरात काही नव्हतं. साखर घातलीय."

"पुरे आहे, काका."

"नाव पुकारलं की काय म्हणायचं असतं? हजर नाही, असं?"

"कुठे गेल्या ते सांगायचं असतं. साधं."

त्यांनी मान हलवली आणि आत फोटोकडे एकदा बघितलं. मग दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं. संघमित्रा हात द्यायला पुढे झाली, तर त्यांनी डबा तिच्या हाती न देता छातीशी धरला, दुसऱ्या हाताने कठडा पकडला आणि तिच्या आधी पहिली पायरी उतरले.